मागितला तरी गूळ द्यायचा नाही

आमच्या गावात कुणाच्याही दारात गेलं तरी नुसतं पाणी मिळत नसे. आधी गुळाचा खडा, मग तांब्या. उन्हातून आलेल्या माणसापुढे नुसता तांब्या ठेवणं म्हणजे त्याला "आता ऊठ" म्हणून सांगण्यासारखंच होतं. आष्ट्याच्या पलीकडचं, चारी बाजूंनी उसात बुडालेलं गाव. कुणाच्या घरात चहाची पूड नसेल, तेल संपलेलं असेल, पण फडक्यात बांधलेली गुळाची ढेप असायचीच. अशा गावात मला, वयाच्या दहाव्या वर्षापासून, झाडून सगळ्या दारांत नुसतं पाणी मिळायला लागलं. ही व्यवस्था माझ्या आईनं केली होती. आणि तिनं ती इतकी चोख केली की तिच्यापायी मी एकदा मरता मरता राहिले.

सत्तरीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. वडील फौजेत होते, वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचे. घरात आई, मी आणि वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. ऊस काका बघायचे, बाकी सगळं आई बघायची. त्या उन्हाळ्यात मला तहान लागायला लागली. उन्हाळ्यात तहान लागते हे कुणालाही मान्य असल्यामुळे पहिले काही दिवस कुणी लक्ष दिलं नाही. मी कळशीला तोंड लावून प्यायचे, परसात पळायचे, परत येऊन पुन्हा प्यायचे.

"वैनी, हिच्या पोटात हीर हाय," काका हसून म्हणायचे. "इंजन बसवू. चार सऱ्या तरी भिजतील."

मग माझे झगे ढगळ व्हायला लागले. आणि एका सकाळी परसात, मी जिथं बसायचे त्या जागेवर, आईला मुंग्यांची रांग दिसली. काळ्या मुंग्या, आमच्या गुळाच्या फडक्याला लागायच्या तशाच. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. आत आली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. चार दिवसांनी मला उलट्या सुरू झाल्या, श्वास धापा टाकल्यासारखा चालायला लागला, आणि काकांनी बैलगाडी जुंपली. आष्ट्यापर्यंत गाडी, तिथून पुढे कुणाची तरी जीप, आणि सांगलीच्या दवाखान्यातली लोखंडी कॉट. मधलं मला आठवत नाही. आईला सगळं आठवायचं, म्हणून ती कधी सांगायची नाही.

मी शुद्धीवर आले ती डॉक्टरांच्या आवाजानं. मी डोळे मिटूनच पडून राहिले, कारण मोठी माणसं खरं बोलतात ती मुलं झोपलेली असताना, एवढं मला कळत होतं.

"मधुमेह आहे. लहान मुलांना होतो तो," डॉक्टर आईला आणि काकांना सांगत होते. "हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. रोज सुई टोचायची, आयुष्यभर. सुई चुकली तर मुलगी हाताला लागणार नाही. गोड पूर्ण बंद. साखर नाही, गूळ नाही, उसाचं कांडंसुद्धा नाही."

त्यानंतर सुई कशी उकळायची, औषध कसं ओढायचं, लघवी कशी तपासायची, हे सगळं झालं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि उठता उठता डॉक्टर म्हणाले, "आणि एक. कधी हिचे हात थरथरायला लागले, थंड घाम सुटला, वेड्यासारखं बरळायला लागली, तर साखर फार उतरली असं समजा आणि ताबडतोब गोड द्या. गूळ, साखर, काहीही. तेव्हा वाट बघायची नाही."

गावी परतताना एसटीत मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. आष्टा यायच्या आधी ती हळूच काकांना म्हणाली, "भावजी, त्यो श्येवटचा डाक्टरांचा बोल काय पटत न्हाई. साखरंनं झालेल्या दुखण्यावर साखर कुटं देत्यात व्हय?"

"मला बी तसंच वाटलं," काका म्हणाले. "दिसभर पेशंट बघून दमलं असतील. उलटं बोलून गेलं असतील."

विषय तिथंच मिटला. दोघांनी मिळून डॉक्टरांना माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आई घरोघर गेली. मला बरोबर घेऊन गेली, म्हणजे माणूस ओळखण्यात कुणाची चूक व्हायला नको. प्रत्येक दारात ती एकच बोलायची. "हिला ग्वाड म्हंजी इख हाय. गूळ द्यायचा न्हाई, रस द्यायचा न्हाई, काकवीचं बोट बी लावायचं न्हाई. मागितला तरी द्यायचा न्हाई. रडली, पाया पडली, तरी न्हाई." आणि हे विष न देण्याची ती शपथ घ्यायला लावायची. ज्याला जे जिवापाड प्यारं त्याची. दुकानदाराला तराजूवर हात ठेवायला लावला. शेजारणीला दुभत्या म्हशीची शपथ. गुऱ्हाळात गूळ करणारा गुळव्या होता, गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, त्याला त्याच्या खिलारी बैलजोडीची शपथ घालताना तोही जरा कचरला. पण घेतली.

शेजारीण आईला आत ओढून म्हणाली, "अगं पोरीची जात. उद्या लगीन हुयाचं हाय. गावभर डांगोरा कशाला पिटतीस?"

"आदी जगू तर दे," आई म्हणाली. "लगनाचं मागनं बघू."

मी उंबऱ्यात उभी होते. मला लग्नाचं काही नव्हतं, पण "आधी जगू दे" हे मी ऐकलं, आणि दवाखान्यात डोळे मिटून ऐकलेलं "हाताला लागणार नाही" त्याला जाऊन जुळलं. म्हणजे मी जगेनच असं कुणी धरून चाललेलं नव्हतं. त्या दिवसापासून जी भीती पोटात बसली ती बसली. आता लोक मला धीराची म्हणतात तेव्हा मला चीडच येते. मी धीराची कधीच नव्हते. मी भित्री होते आणि वेळच्या वेळी सुई घेत होते, एवढंच.

सुई टोचायला आई शिकली ती वांग्यावर. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं की आधी फळावर हात बसवा. आमच्या रानात त्या वेळी फळ म्हणजे वांगं. आई पाटावर बसून, पदर खोचून, वांग्यांना पाणी टोचायची. त्या आठवड्यात आम्ही टोचलेल्या वांग्यांची भाजी खाल्ली, आणि काका प्रत्येक घासाला विचारायचे, "वैनी, ह्ये वांगं बरं झालं का अजून आजारीच हाय?" आई हसायची नाही. सुईची काचेची पिचकारी उकळत्या पाण्यात तडकेल, औषधाची बाटली उन्हानं नासेल, एसटी बंद पडली तर सांगलीहून नवी बाटली येणार नाही, अशा धास्त्या तिच्या डोक्यात रांग लावून बसलेल्या असायच्या. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली असायची. आई उठता बसता ती वाळू चाचपून बघायची.

वडील सुट्टीवर आले तेव्हा म्हणाले, "आण हिकडं, मी टोचतो. फौजेत काय बघितलं न्हाई आमी?" त्यांनी सुई हातात घेतली, माझा दंड धरला, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ते हळूच भिंतीला टेकून खाली बसले. लढाई बघून आलेला माणूस, त्याला आईनं कांदा हुंगवला. मी हसले, तर आईनं मला एक धपाटा घातला आणि मग सुई टोचली.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. नळीत निळं औषध, त्यात माझ्या लघवीचे थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. औषध निळंच राहिलं तर बरं. हिरवं झालं तर चालेल. पिवळं झालं की आई ओठ आवळायची. विटेसारखं लाल झालं तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी नळीकडे बघतच नसे, आईच्या तोंडाकडे बघायचे. मी काही खाल्लेलं नसलं तरी लाल व्हायचं, आणि तरीही आई विचारायची, "कुटं काय तोंडात घातलंस?" मी नाही म्हणायचे. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, तिचा गावातल्या गुळावर विश्वास नव्हता.

त्याच सुमारास आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याचं मरण जवळ आलं. आमच्याकडे अशा माणसाला शेवटी काय हवं ते विचारतात आणि ते काहीही करून आणून देतात. इच्छा ठेवून माणूस गेला तर त्याचा जीव घरातच घोटाळतो, त्याला सुटका नाही, असं मानतात. म्हाताऱ्यानं जिलबी मागितली. वैद्यानं तेलकट तुपकट बंद केलेलं होतं, पण आता वैद्याला कोण विचारतो. मुलगा सायकल हाणत आष्ट्याला गेला आणि जिलबी घेऊन आला. म्हातारा ती चवीनं खाऊन झोपला, सकाळी उठून बसला, आणि पुढे बरीच वर्षं जगला. तब्येत जरा नरम झाली की "जिलबी" म्हणायचा. सून दातओठ खायची. सगळं गाव हसलं, मीही हसले. पण मनात मी माझं ठरवून ठेवलं. माझी वेळ आली आणि मला विचारलं, तर मी गूळ मागणार. गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईतून, काहिलीतून, नुकता काढलेला, बोटाला चटका देणारा.

गुऱ्हाळ लागलं ते थंडीत. आमच्या उसाची पाळी आली. चरक सकाळपासून सुरू होता, त्याच्या इंजिनाचा आवाज घरापर्यंत यायचा. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला, तो वाटसरू का असेना, रस आणि गूळ दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि देतानाही पोट भरेपर्यंत देतात. तिथं मला घेऊन जायला आई तयार नव्हती. पण आमचाच ऊस, आमचंच गुऱ्हाळ, आणि पोरगी घरात कोंडून ठेवायची हे काकांना बघवेना. "म्या हाय की तिथं," ते म्हणाले. "गुळाला शिवू देतो व्हय तिला?"

सकाळची सुई झाली होती. मी घाईत अर्धी भाकरी खाल्ली आणि काकांच्या मागे निघाले. गुऱ्हाळ गावापासून चांगलंच लांब होतं. तिथं पोहोचल्यावर मी चिपाडं वाहायला लागले. ऊस पिळून उरलेला चोथा वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात घालतात, तेव्हा त्याचे भारे सारखे इकडून तिकडे न्यावे लागतात. मला फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी मी आजारी नसलेल्या माणसासारखी धावत होते. आई भाकरी घेऊन दुपारी येणार होती. दुपार झाली, आई आली नाही. नंतर कळलं की कामावरच्या बायांना जास्तीच्या भाकरी हव्यात म्हणून ती पुन्हा चुलीपाशी बसली होती.

आधी माझे ओठ बधिर झाले. मग चिपाडाचा भारा हातातून सुटला आणि मला त्याचा राग आला. भाऱ्याचा राग. मी त्याला लाथ मारली. अंगावरून घाम वाहत होता, आणि वारा तर इतका गार होता की बाकीची माणसं मुंडासं कानावर ओढून घेत होती. काहील चुलवाणावर होती ती मला दोन दोन दिसायला लागली. पोटात खड्डा पडला होता, आणि त्या खड्ड्याला एकच गोष्ट हवी होती. हे मी कुणाकडून शिकलेले नव्हते. माझं अंगच ओरडत होतं. मी गुळव्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "गूळ द्या."

"काय म्हनलीस?"

"गूळ. गूळ द्या मला. आत्ता."

गुळव्याच्या हातात लाकडी फावडं होतं. त्यानं बघितलं तर पोरीचे डोळे तारवटलेले, तोंड घामानं भिजलेलं, आणि आवाज चढलेला. पोरीनं हट्ट धरलाय, त्याला दुसरं काय वाटणार. "न्हाई बाय," तो म्हणाला. "बैलांची शप्पत हाय माझ्यावर."

मी वाफ्याकडे धावले, जिथं गरम गूळ पसरलेला होता. मी मूठ भरली आणि तोंडापर्यंत नेली. तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली, गूळ काढून घेतला आणि माझा तळवा आपल्या धोतराला पुसला. एक कणही राहू दिला नाही. मी त्यांना चावले. मी त्यांना काय काय शिव्या दिल्या ते त्यांनी पुढे मला कधी सांगितलं नाही, पण तिथली माणसं म्हणाली की तुझ्या बापानं फौजेत ऐकल्या नसतील.

यापुढचं मला तुटक आठवतं. बाकीचं काकांनी सांगितलेलं आहे, त्यांनी ते गावाला आयुष्यभर सांगितलं. माझे पाय गेले आणि मी बसले. जीभ जड झाली. तरी मी "गूळ, गूळ" म्हणतच होते. तेव्हा कुणीतरी शहाण्यानं शोध लावला.

"आवं, वासानंच चढली हिला साखर! काहिलीचा वास नाकात गेलाय."

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं, दुखणं साखरेचं आणि जिकडे तिकडे गुळाचा घमघमाट. मग त्यांनी मला उचललं आणि वारा कुठला ते बघून, वास येणार नाही अशा बाजूला, पार लांब बांधावरच्या बाभळीखाली नेऊन निजवलं. एकानं माझ्या नाकावर फडकं धरलं. एकजण तोंडावर पाणी मारत होता. चांगली माणसं होती ती. आज त्यातलं एकही हयात नाही, आणि मला आजही सांगता येत नाही की मला त्यांचा राग जास्त येतो की माया जास्त वाटते. ती मला वाचवत होती, आणि मी त्यांच्या हातात मरत होते. मला ते कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. बाभळीच्या फांदीतून आभाळ दिसत होतं, आणि गुळाचा वासही येईनासा झाला होता.

आई डोक्यावर पाटी घेऊन बांधानं येत होती. तिला गर्दी दिसली. पाटी तिथंच टाकून ती पळत आली. भाकरी उसाच्या सरीत पडल्या.

ती माझ्याजवळ बसली, माझ्या कपाळाला हात लावला. मी तिला म्हणाले, "आई, गूळ." तेवढेच शब्द फुटले. काका रडत होते. "वैनी, म्या कण बी दिला न्हाई. हातातला सुदीक काडून घेतला."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग ती उठली आणि गुऱ्हाळाकडे चालायला लागली. लोकांना कळेना ही कुठे चालली. ती वाफ्याशी गेली, वाटीत पातळ काकवी घेतली, गुळाचा गोळा उचलला, आणि परत आली. तेव्हा गुळव्यानं तिला आडवं होऊन अडवलं. "आगं, काय करतीस? इख हाय म्हनलीस की तूच! आमाला शप्पता घातल्यास!"

"सरा बाजूला," आई म्हणाली.

"मरंल पोर!"

"मरंल तर माझ्या हातनं मरंल. सोडा मला."

मग तिचं बोट माझ्या तोंडात आलं. काकवी. तिनं ती माझ्या गालांच्या आत चोळली, जिभेखाली चोळली. माझे दात तिच्या बोटावर कडकड आपटत होते, सगळं थरथरत होतं. ती पुन्हा बोट बुडवायची, पुन्हा चोळायची. मग गुळाचा बारीक खडा, मग आणखी एक. किती वेळ गेला देव जाणे. मग बाभळीच्या फांद्या पुन्हा एकेरी दिसायला लागल्या, आणि मी उठून बसले आणि म्हणाले, "मला भूक लागलीय."

काकांनी सरीतल्या भाकरी गोळा केल्या, माती झटकली, आणि सगळ्यांनी तिथंच खाल्ल्या.

त्या आठवड्यात मला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांकडे असं बघितलं की काका खिडकीबाहेर बघायला लागले. मग ते आईला म्हणाले, "बाई, ऐन वेळी माझं बोलणं लक्षात ठेवलंत. शिकलेल्या माणसांचं डोकं अशा वेळी चालत नाही. तुम्ही मुलगी वाचवलीत." आई खाली मान घालून बसली होती. मला तिचा फार अभिमान वाटला.

गावात आल्यावर ती पुन्हा घरोघर गेली, मला पुन्हा बरोबर घेऊन. "हात कापाय लागलं, घाम आला, तर गूळ द्यायचा. लगीच द्यायचा."

"म्हंजी आता द्यायचा?" शेजारणीनं विचारलं.

"आता न्हाई. मागितला तर न्हाई. पर घाम आला तर द्यायचा."

"आन् घाम बी आला न्हाई आन् मागितला तर?"

"तर न्हाई."

"आन् घाम आला पर मागितला न्हाई तर?"

"तर द्यायचा."

दुकानदारानं तराजूवर हात ठेवून विचारलं, की आधीची शपथ मोडली असं धरायचं की नवी घ्यायची. गुळव्यानं बैलांना आधी शपथेतून मोकळं करून घेतलं, मगच पुढचं ऐकलं. शेवटी गावानं आपापसात एक तोड काढली. मी कुणाच्या दारात गेले की घरातली माणसं पाण्याच्या तांब्याशेजारी वाटीत गुळाचा खडा ठेवायची, पण माझ्यापुढे करायची नाहीत. "हाय हितं," म्हणायची. मी पाणी प्यायचे. घरातली बाई माझ्या कपाळाकडे निरखून बघत बसायची. उन्हाळ्यात तर पंचाईत व्हायची, कारण घाम सगळ्यांनाच यायचा. मी उठून गेले की तो खडा पुन्हा ढेपेच्या फडक्यात जायचा.

मला मात्र आता दोन धास्त्या झाल्या. आधी गोड तोंडात जाईल याची होती, आता वेळेला जाणार नाही याचीही झाली. पाठीमागे चाहूल लागून दचकले तरी मी हात पुढे धरून बघायचे, बोटं थरथरतात का. वर्गात, देवळात, शेजारच्या लग्नात. पण त्या सगळ्यात एक मोठा आधार होता. माझी आई. जगातल्या सगळ्यांच्या डोक्याचा गोंधळ झाला तरी तिचा होत नाही, तिला ऐन वेळी बरोबर आठवतं. मी तिच्या जवळपास असेन तोवर मरणार नाही, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं, आणि त्याच भरवशावर मी मोठी झाले.

दशक संपत आलं तेव्हा मला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहायचं होतं. सुई मी स्वतः टोचायला शिकले होते, तपासायलाही शिकले होते. निघायच्या दिवशी आई माझी ट्रंक भरत होती. तिनं एक लहान पितळी डबा घेतला आणि त्यात गुळाचे खडे मोजून मापून, प्रत्येक कागदात गुंडाळून ठेवायला लागली. काका बाहेर गाडी जुंपत होते.

मी म्हणाले, "तिथं कुणाला काय कळणार? मला काही झालं तर तुझ्यासारखं डॉक्टरांचं बोलणं आठवणारं कोण असणार आहे?"

आईचे हात थांबले. तिनं दाराकडे बघितलं, काका ऐकत नाहीत ना ते.

"मला कुटं काय आटवलं हुतं?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"डाक्टर काय म्हनलं हुतं, त्यातलं येक अक्षर डोस्क्यात नव्हतं तवा. त्यो बोल तर मी यष्टीतच सोडून दिल्याला." ती खड्याला कागद गुंडाळत बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तुझं अंग गार लागलं. डोळं फिरल्यालं. मला वाटलं, चालली ही. आन् येवडं 'गूळ गूळ' करतीया लेकरू. उन्हाळ्यापास्नं सगळ्या गावानं हिला न्हाई म्हनलं. जाताना तरी न्हाई कशापायी म्हनू? म्हनलं, तोंड ग्वाड करून जाऊ दे. जीव घोटाळाय नगं तिचा."

बाहेर काकांनी बैलांना हाक मारली. एसटीची वेळ झाली होती.

"मी इख म्हनूनच दिला तुला," आई म्हणाली. "माझ्या हातनं."

मला तिचं बोट आठवलं. माझे दात त्याच्यावर आपटत होते, आणि इतकी वर्षं मी समजत होते की तेव्हा फक्त मीच थरथरत होते.

तिनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तेव्हा तिनं ते काढलं, आतला एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला, आणि मग झाकण घट्ट दाबलं. "ह्यो पदरात बांद," ती म्हणाली. "डबा ट्रंकंत ऱ्हातुया. पदर जवळ असतुया."